पट्टा रेक्झिनचा दिसू नये म्हणून: हातच्या चामड्याला कमी चमकेचं, टिकाऊ फिनिश

मी विकलेला पहिला पट्टा हातात घेऊन गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "रेक्झिनचा आहे का हो?" म्हशीचं जाड व्हेज-टॅन (झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं) चामडं, दोन सुयांची हातशिलाई, कडा तासभर घासून गुळगुळीत केलेल्या. आणि या सगळ्यावर मीच अ‍ॅक्रिलिक फिनिशचे, म्हणजे वरून लावायच्या संरक्षक थराचे, तीन जाड हात मारून ठेवले होते. उजेडात धरला की लखलखायचा. दुसऱ्या पट्ट्याच्या वेळी धडा घेतला आणि फिनिश लावलंच नाही. तो गडद निळा होता. मामेभावानं तो लग्नात पांढऱ्या पँटवर घातला, आणि पंगत बसेपर्यंत त्याच्या कमरेभोवती निळं कडं उमटलं. मामी अजूनही तो विषय काढते.

नव्यानं काम शिकणाऱ्याला जे हवं असतं ते या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे. रंग सुटू नये, पाण्याचा थेंब पडला तर डाग राहू नये, वाकवल्यावर भेगा पडू नयेत, आणि एवढं करून चामडं चामड्यासारखं दिसावं. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो, म्हणून खाली पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १: हातात कोणतं चामडं आहे ते ओळखा

दुकानदार काय सांगतो त्यावर जाऊ नका. बोट पाण्यात बुडवून चामड्याच्या कोपऱ्यावर एक थेंब ठेवा. थेंब काही क्षणांत मुरला आणि तिथे गडद ठिपका पडला, तर ते उघडं, बिनफिनिशचं चामडं आहे आणि बहुधा व्हेज-टॅन. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब तसाच गोल राहिला, तर कारखान्यात त्यावर आधीच काहीतरी चढवलेलं आहे. कापलेली कडही पाहा. व्हेज-टॅनची कड आतपर्यंत फिकट तपकिरी असते. क्रोम-टॅनमध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यात, गाभ्याला बऱ्याचदा निळसर करडी झाक दिसते.

व्हेज-टॅन म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं. आपल्या कोल्हापुरी वहाणांचं चामडं याच जातीचं. त्यात बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. तमिळनाडूतलं ईस्ट इंडिया लेदरही वनस्पतींनीच कमावलेलं, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. असं चामडं रंग पितं, तेल पितं, फिनिशही पितं, त्यामुळे हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

क्रोम-टॅन चामडं कारखान्यातूनच रंग आणि वरचा थर घेऊन येतं. त्यावर घरचं फिनिश लावलं तर ते नीट धरत नाही आणि पुढे पोपडे सुटतात. अशा वस्तूच्या कडा तेवढ्या नीट करा आणि बाकी जसं आहे तसं राहू द्या.

पायरी २: वस्तूवर काय काय बेतणार आहे ते आधी ठरवा

"सगळ्यात चांगलं फिनिश कोणतं?" हा प्रश्न "सगळ्यात चांगली चप्पल कोणती?" यासारखा आहे. शेतात घालायची की लग्नात?

पट्टा रोज पँटच्या लुपांवर घासतो, बकलपाशी त्याच त्याच जागी वाकतो आणि उन्हाळ्यात घाम पितो. घड्याळाच्या पट्ट्याचं त्याहून वाईट, कारण तो थेट कातडीला चिकटलेला असतो आणि घामातलं मीठ त्यात मुरतं. पाकीट खिशात दबतं, पण त्याला पाणी क्वचितच लागतं. हाताच्या तेलकटपणानं ते आपोआप सुंदर होत जातं. खांद्यावरच्या पिशवीला पाऊस आणि कपड्याचं घर्षण, दोन्ही सोसावं लागतं. आणि टेबलावर पडून राहणाऱ्या वहीच्या कव्हराला जवळजवळ काहीच होत नाही, तरी नवशिके त्यालाच सगळ्यात जाड थर देतात.

आणखी एक गोष्ट पाहा: रंग लावलाय की नैसर्गिक ठेवलंय? नैसर्गिक चामड्यातून सुटायला रंगच नसतो, तेव्हा मेण पुरतं. लाल, निळा, काळा आणि कपड्याला घासणारी वस्तू असेल, तर रंग आत कोंडून ठेवणारा थर हवाच.

पायरी ३: बाजारातल्या बाटल्यांमधला फरक समजून घ्या

तेल हे फिनिश नाही. नीट्सफूट तेल असो वा घरचं खोबरेल, ते चामड्याच्या तंतूंना मऊ ठेवतं. त्यातून पाणी अडत नाही, रंगही कोंडला जात नाही. वहाणेला तेल पाजतात ते ती नरम राहावी म्हणून. नीट्सफूट हे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. काही गिऱ्हाइकं हे विचारतात, तेव्हा उत्तर माहीत असलेलं बरं. जवसाचं तेल मात्र टाळा. ते हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून रंगकामात चालतं आणि चामड्याला कडक करतं.

मेण हे सगळ्यात क्षमाशील फिनिश. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं कडक मेण) ८२ ते ८६ अंशांना. म्हणून नुसत्या मधमाशीच्या मेणाची वस्तू मे महिन्यात बंद गाडीत राहिली की बोटाला चिकट लागते. थोडा कार्नोबा मिसळला की थर कडक होतो. मेणाची चमक मंद, खोल असते, आणि चुकलं तर फडक्यानं पुसून पुन्हा लावता येतं. तोटा एवढाच की ते झिजतं आणि अधूनमधून परत लावावं लागतं. गडद रंगही ते पूर्ण कोंडत नाही.

घरी करायचं असेल तर माझं प्रमाण असं: ३० ग्रॅम मधमाशीचं मेण, ५ ग्रॅम कार्नोबा, ७० ग्रॅम तेल. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं ठेवायचं आणि त्यात हे वितळवायचं. थेट गॅसवर मेण ठेवू नका. काही कृतींमध्ये टर्पेंटाइन असतं. ते घालायचंच असेल तर ज्योत विझवून, भांडं खाली उतरवून, खिडकी उघडी ठेवून घाला.

राळेची फिनिशं मधल्या वर्गातली. फीबिंग्ज ही अमेरिकेतल्या मिलवॉकीची १८९५ पासूनची कंपनी. तिचं टॅन-कोट या वर्गात येतं. दिसायला छान, मऊ, प्लास्टिकसारखं अजिबात नाही. पण पाण्यानं ते परत ओलं होतं, म्हणून पावसात जाणाऱ्या वस्तूला एकट्यानं पुरत नाही. सुताराचं लाखेचं पॉलिशही इथेच आठवतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चामड्याला लावायचा मोह मलाही झाला होता. डबीवर किंवा न वाकणाऱ्या म्यानावर चालून जातं. पट्ट्यावर लावलं तर वाकतो तिथे बारीक भेगांची जाळी पडते आणि पाणी पडलं की पांढरा डाग उठतो.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात मिसळलेले बारीक प्लास्टिकचे कण. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून लवचिक पापुद्रा बनतो. फीबिंग्जचं रेझोलीन, टँडीचं सॅटिन शीन, अँजेलसची फिनिशर्स या घराण्यातली. रंग कोंडायला आणि पाणी अडवायला नवशिक्यासाठी याहून भरवशाचं काही नाही. नुसतं रेझोलीन चमकतं, पण त्यावर उपाय आहे. तो पुढच्या पायरीत.

लॅकर आणि पॉलियुरेथेन कारखान्यांसाठी सोडून द्या. थर कणखर असतो, पण वास, मुखवटा, फवारणीचं यंत्र आणि चुकलं तर परतीचा रस्ता नाही. लाकडाचं पॉलियुरेथेन तर चामड्यावर कधीच नको. टेबल वाकत नाही, म्हणून ते न वाकणाऱ्या वस्तूसाठी बनवलेलं असतं.

पायरी ४: चमक कुठून येते ते कळलं की निम्मं काम झालं

या पायरीला जरा जास्त वेळ देतोय, कारण बाटलीवर "मॅट" (बिनचमकेचं) वाचून लोक फसतात ते इथेच.

पृष्ठभाग सपाट असेल तर उजेड एकाच दिशेनं परततो आणि आपल्याला चमक दिसते. चामड्याला स्वतःची छिद्रं आणि बारीक रेघा असतात, म्हणून उघडं चामडं मंद दिसतं. फिनिशचा जाड थर त्या रेघा भरून काढतो, वर काचेसारखी सपाट पातळी तयार होते आणि चामडं रेक्झिन होऊन जातं. म्हणजे तेच अ‍ॅक्रिलिक पातळ करून लावलं तर मंद दिसतं आणि जाड लावलं तर लखलखतं. प्रत्येक नवा हात चमक वाढवतो.

मॅट बाटलीत कंपनी सिलिकासारखी अतिबारीक पूड घालते. ती थराच्या वर खडबडीतपणा आणते आणि उजेड विखुरते. यातून तीन गोष्टी निघतात. एक, ही पूड तळाशी बसते. बाटली हलवली नाही तर वरचं चमकदार निघतं आणि संपत आलेली बाटली पांढुरकी. आपटून-खळखळून नको, फेस होतो. बाटली उलटसुलट करत दोन मिनिटं फिरवा. दोन, काळ्या आणि गडद निळ्या चामड्यावर मॅटचे दोन-तीन हात दिले की राखेसारखी पांढरट झाक येते. तीन, मॅट थराला ब्रशनं जोरात घासलं की तो परत चमकतो, कारण तुम्ही तो खडबडीतपणाच सपाट केलेला असतो. पाठीवरची मॅट पिशवी सहा महिन्यांत पाठीला घासते तिथेच चमकायला लागते, त्याचं कारण हेच.

म्हणून माझी पद्धत अशी: खालचे हात साध्या किंवा सॅटिन (मंद चमकेच्या) अ‍ॅक्रिलिकचे, पाण्यात निम्मेनिम्मे पातळ करून. मॅट हवंच असेल तर ते फक्त शेवटच्या एका हाताला. गडद रंगावर तेही टाळतो. सॅटिनवर थोडं मेण घेऊन मऊ फडक्यानं हलकं पुसलं की नजरेला ते चामडंच वाटतं.

झालेली चमक मारायला कुणी बारीक स्टील वूल सुचवलं तर ऐकू नका. व्हेज-टॅन चामड्यात टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट अंश, असतो, आणि लोखंडाशी गाठ पडली की टॅनिन काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून जुनी काळी शाई व्हायची, ती याच रसायनानं. स्टील वूलचे कण थरात अडकले आणि पहिल्या पावसात ओलावले की तुमच्या टॅन रंगाच्या पिशवीवर काळे ठिपके उमटतील. भांडी घासायच्या तारेचंही तेच. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवून जाऊ नका, हेही त्याच ओघात.

पायरी ५: प्रत्यक्ष लावणं

आधी रंग. रंग लावून निदान एक पूर्ण दिवस वाळू द्या आणि मग जुन्या पांढऱ्या सुती कपड्यानं घासत राहा. फाटका बनियन यासाठी उत्तम. कपडा जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत घासायचं. वर सुटा राहिलेला रंग कुठलंही फिनिश धरून ठेवू शकत नाही. मामेभावाच्या पट्ट्याचा खरा दोष इथेच होता. मी दोन मिनिटं घासून कंटाळलो होतो.

मग तेलाचा एक अगदी हलका हात, कारण स्पिरिटच्या रंगानं चामडं कोरडं पडतं. हलका म्हणजे फडक्यावर चार थेंब. पुन्हा एक दिवस थांबा. ओशट चामड्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही. याच कारणानं क्रम कधी उलटा करू नका: अ‍ॅक्रिलिकवर मेण चालतं, मेणावर अ‍ॅक्रिलिक चालत नाही.

आता त्याच चामड्याचा, त्याच रंगाचा कपटा घ्या आणि पुढचं सगळं आधी त्याच्यावर करा. दुसऱ्या चामड्याचा तुकडा उपयोगाचा नाही. एकाच कातड्याचा पोटाकडचा भाग पाठीपेक्षा जास्त पितो, तिथे दोन वेगळ्या कातड्यांचं काय सांगावं.

फिनिश वाटीत काढून तेवढंच पाणी घाला. बारीक छिद्रांचा स्पंज ओला करून घट्ट पिळा, मग त्यावर फिनिश घ्या. कोरडा स्पंज फेस करतो आणि लोकरीचा बोळा जास्तीचं सोडतो. लांब, सरळ, एका दिशेचे फटकारे मारा आणि एकदा गेलेल्या जागी परत जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या थरावर स्पंज फिरला की खालचा रंग उचलला जातो आणि पट्टे दिसतात. राहिलेली जागा दुसऱ्या हातात भरून निघते. शिवणीच्या खाचेत साचलेलं फिनिश कोरड्या ब्रशनं लगेच टिपून घ्या, नाहीतर तिथे दुधाळ रेघ राहते.

दुसरा हात पहिल्याला आडवा. दोन हातांमध्ये कोरड्या दिवसांत अर्धा ते एक तास. मुंबई-कोकणातल्या जुलैत मात्र घड्याळ बाजूला ठेवा. हवेतच इतका ओलावा असतो की थर वरून कोरडा आणि आतून ओला राहतो. पंख्याखाली, दोन हातांमध्ये अर्धा दिवस तरी द्या. उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर घाईनं वाळवलेला थर वरून आवळतो आणि पुढे तडकतो. दोन हात बहुतेक वस्तूंना पुरतात, पट्ट्याला तीन. चौथ्या हाताला माझ्या हातून कधी काही सुधारलेलं नाही.

मागची बाजू विसरू नका. पट्ट्याचा रंग जास्त करून तिथूनच कपड्यांना लागतो. मागून रंग लावूच नका हे सगळ्यात सोपं. लावला असेल तर तिथेही फिनिश द्या. खरखरीत तंतू बसवायला परदेशात ट्रॅगकँथ डिंक किंवा जपानी टोकोनोले वापरतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानातला गोंद कतीरा ते काम करतो. चमचाभर कतीरा पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या, मागून पातळ फासा आणि लाकडाच्या गुळगुळीत दांड्यानं घासा. त्याची लापशी दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करा. कडांनाही हेच लावून घासायचं, पण अ‍ॅक्रिलिक लावण्याआधी. नंतर डिंक आत शिरत नाही.

सगळं झाल्यावर वस्तू निदान एक दिवस हात न लावता ठेवा आणि मग मेण.

पायरी ६: कपट्याचे हाल करून बघा

चामडं उद्योगात रंग सुटतो का ते पाहायला आयएसओ ११६४० नावाची प्रमाणित चाचणी आहे. यंत्र ठरावीक दाबानं लोकरीचा तुकडा चामड्यावर घासतं आणि लागलेला रंग करड्या पट्टीवर १ ते ५ असा मोजतात. घरी आपला बनियन आहे. कोरड्या कपड्यानं वीसदा घासा, मग ओल्या पिळलेल्या कपड्यानं वीसदा. कोरड्यावर रंग लागला तर वस्तू देऊ नका. ओल्यावर पुसटशी छटा लागली तर पाकिटाला चालेल, पट्ट्याला नाही.

पाण्याचा थेंब पाच मिनिटं ठेवून टिपा. कपटा दोन्ही बाजूंनी वीसेकदा दुमडा आणि घडीवर पांढरी रेघ दिसते का पाहा. दिसली तर थर जाड झालाय. शेवटची चाचणी बरेच जण करत नाहीत: दोन कपटे फिनिशची बाजू समोरासमोर ठेवून वर जाड पुस्तकं रचा आणि रात्रभर सोडा. सकाळी चिकटलेले निघाले तर थर अजून पुरता वाळलेला नाही. असं पाकीट बंद करून गिऱ्हाइकाला दिलं असतंत तर उघडताना टर्रकन आवाज आला असता.

पायरी ७: कशाला काय, माझ्या मते

नैसर्गिक रंगाचं पाकीट, वहीचं कव्हर: तेल आणि मेण, बस. रंगीत पाकीट: पातळ अ‍ॅक्रिलिकचा बाहेरून एक हात, वर मेण. रंगीत पट्टा: पातळ सॅटिनचे तीन हात, मागची बाजूही, मग मेण. छिद्रांच्या आतल्या कडांना काडीला कापूस गुंडाळून फिनिश पोचवा, घाम तिथूनच शिरतो. खांद्याची पिशवी: दोन हात, पट्ट्याच्या वाकणाऱ्या भागाला एकच. घड्याळाचा पट्टा: आतून बिनरंगाचं अस्तर लावा. कातडीला लागणाऱ्या बाजूवर कुठल्याच बाटलीचा भरवसा मी देत नाही. कोल्हापुरी वहाण: तिला अ‍ॅक्रिलिक लावू नका. तिचं तळपाय ओळखून नरम होणं हीच तर तिची गंमत, तिला तेल पाजा आणि पावसात घालू नका.

एवढं करूनही वस्तू जास्तच चमकली तर घाबरू नका. आधी मेण लावून, मऊ फडक्यानं पुसून आठवडाभर वापरा. अर्ध्या वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं थर काढता येतो, पण त्याबरोबर रंगही येतो. म्हणजे पुन्हा पायरी ५ पासून.

वस्तू देताना सोबत चिठ्ठी द्या: ओली झाली तर सावलीत वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळा, दसऱ्याच्या आसपास एकदा बोटभर मेण लावा. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा आणि दोन दिवस हवेशीर जागी टांगा. आणि तो कपटा टाकू नका. मागे तारीख, रंग, पाण्याचं प्रमाण आणि किती हात दिले ते बॉलपेननं लिहा. माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा अशा कपट्यांनी भरलाय, आणि त्या रेक्झिनवाल्या पट्ट्याचा तुकडा सगळ्यात वर आहे.